हिऱ्याचं सर्टिफिकेट पाहताना या चुका टाळा

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना खान्देशातलं गिऱ्हाईक सहसा फसत नाही. भाव रोज कळतो, दागिन्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख) नंबर मोबाइलवर तपासता येतो, मोडीचा हिशेब तोंडपाठ असतो. हिऱ्याला यातलं काहीच लागू पडत नाही. हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो, खड्याची नाही. म्हणून सगळी भिस्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर, म्हणजेच सर्टिफिकेटवर येते. दुकानाचं स्वतःचं गॅरंटी कार्ड म्हणजे तो रिपोर्ट नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

कागद खरा, खडा दुसराच

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या वेबसाइटवर रिपोर्टचा नंबर टाकला, माहिती दिसली, की लोक निर्धास्त होतात. त्यावरून एवढंच कळतं की असा एक हिरा तपासला गेला होता. समोरचा खडा तोच आहे का, ते वेगळं पाहावं लागतं आणि तेही खडा सुटा असतानाच. कोंदणात बसल्यावर वजन-माप नीट घेता येत नाही.

आधी १० पट भिंगाखाली हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर वाचा. नंबर बनावटही कोरता येतो, म्हणून तिथे थांबू नका. कॅरेट काट्यावर वजन करा (१ कॅरेट म्हणजे १०० सेंट, ०.२ ग्रॅम), ते दशांशाच्या दोन्ही अंकांपर्यंत जुळायला हवं. मग गेजने माप घ्या. रिपोर्टवर ६.४१–६.४४ × ३.९७ मिमी असेल आणि हातातला खडा ६.३ भरला, तर सौदा तिथेच थांबवा. रिपोर्टवर दोषांची आकृती असेल, तर त्यातला एखादा ठळक डाग भिंगाखाली त्याच जागी सापडतो का तेही पाहा.

क्यूआर कोड स्कॅन करून उघडलेल्या पानावर विसंबू नका. तो बनावट साइटवरही नेऊ शकतो. पत्ता स्वतः टाइप करा.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गर्दीत हे सगळं करायला दुकानदाराला वेळ नसतो. हिरा आठवडाभर आधी तपासून ठेवा, मुहूर्तावर फक्त घरी न्या.

पेन वाजला म्हणजे झालं?

टेस्टर पेन खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो ते पाहतो. लॅबमध्ये सीव्हीडी (वायूतून) किंवा एचपीएचटी (प्रचंड दाब-उष्णतेने) पद्धतीने वाढवलेला हिराही रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, त्यामुळे पेन त्यालाही वाजतो. साध्या पेनला मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही चकवतो. नैसर्गिक की लॅब-ग्रोन, हे रिपोर्टवरच वाचायचं. आयजीआयच्या लॅब-ग्रोन रिपोर्टच्या नंबराआधी ‘एलजी’ अक्षरं असतात. भावात प्रचंड फरक असल्याने ही ओळ चुकली तर बाकी ग्रेड वाचून उपयोग नाही.

तळाच्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष

रंग डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर), शुद्धता एफएल (निर्दोष) ते आय-३ (ठळक दोष), एवढं वाचून बरेच जण कागद मिटतात. खरी माहिती अनेकदा ‘कॉमेंट्स’मध्ये असते. ‘क्लॅरिटी ग्रेड न दाखवलेल्या क्लाउड्सवर (बारीक ठिपक्यांच्या पुंजक्यांवर) आधारित’ असा शेरा एसआय-२ शुद्धतेच्या हिऱ्यावर असेल, तर खडा दुधट दिसण्याची शक्यता असते. तो उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहा. ‘लेझर ड्रिल्ड’ (डाग काढायला लेझरने छिद्र पाडलेला) किंवा ‘एचपीएचटी प्रोसेस्ड’ (दाब-उष्णतेने रंग बदललेला) म्हणजे हिऱ्यावर प्रक्रिया झाली आहे. तीव्र फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात चमकणं) हा दर वेळी दोष नसतो, पण भाव उतरवून मागायला ते योग्य कारण आहे.

कट, म्हणजे पैलू पाडण्याची घडणही पाहा. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिमी दिसतो. ६.१ असेल तर वजन खड्याच्या उंचीत लपलंय आणि पैसे न दिसणाऱ्या भागाचे जातायत. जीआयए कटचा ग्रेड फक्त गोल ब्रिलियंटला देते, त्यामुळे ओव्हल (लंबगोल) किंवा प्रिन्सेस (चौकोनी) आकाराच्या हिऱ्यावर तो नसला तर गैर नाही.

दोन लॅबचा ‘जी, व्हीएस-१’ (रंग जी, शुद्धता व्हीएस-१) सारखाच कडक असेल असं धरून भावांची तुलना करू नका. तयार दागिन्याच्या रिपोर्टवर तर ‘एफ–जी, व्हीएस–एसआय’ असा पट्टा अनेकदा असतो, एकच ग्रेड नाही. त्याला सुट्या हिऱ्याचा भाव लावू देऊ नका.

नंदुरबार-नवापूरमार्गे सुरत जवळ, म्हणून ओळखीतून पुडीतले हिरे बिनकागदाचे आणले जातात. ३० सेंटच्या वरचा खडा तरी असा घेऊ नका. पक्क्या बिलावर रिपोर्ट नंबर, लॅबचं नाव, वजन, नैसर्गिक की लॅब-ग्रोन आणि परत घेण्याची अट लिहून घ्या. पुढे वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हेच बिल लागतं.