जादा मीटरची वायर फ्यूज बॉक्समधून सुरक्षित कशी घ्यावी

मे महिन्यात एसी लावून चोर्ला घाट चढताना इंजिन नेमकं किती तापलंय हे कळावं, म्हणून मी गाडीत टेंपरेचरचा वेगळा मीटर बसवला. बऱ्याच गाड्यांत कंपनीचा काटा मधोमध ठाण मांडून बसतो, कित्येक गाड्यांत तर नुसता दिवा असतो आणि तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. मीटर डॅशबोर्डवर चिकटवणं सोपं आहे. जीव लावून करायचं काम वायरिंगचं, कारण तिथली चूक गाडी पेटवू शकते.

आधी एवढं पक्कं ध्यानात ठेवा की फ्यूज वायरला वाचवतो. १५ अँपिअरच्या फ्यूजमागे बारीक वायर नुसती खोचून दिली आणि ती कुठे घासून अर्धवट शॉर्ट झाली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापून जळते. मीटरला करंट सहसा १ अँपिअरहूनही कमी लागतो. म्हणून त्याला स्वतःचा २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज हवा आणि तो फ्यूज बॉक्सपाशीच हवा. त्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. एकाच खाचेत बसणारा, पण दोन फ्यूज घेणारा. ब्लेड फ्यूज मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो अशा वेगवेगळ्या मापांत येतात, तेव्हा दुकानात जाताना आपल्या गाडीचा फ्यूज काढून सोबत न्या.

आता खाच निवडा. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) आणि फ्युएल पंपाच्या फ्यूजना हात लावू नका. सिगारेट लायटर किंवा म्युझिक सिस्टिमची खाच चालते, मात्र ती चावी फिरवल्यावरच जिवंत होते ना, हे मल्टिमीटरने बघा. चावी बंद असतानाही तिथे १२ व्होल्ट दिसले तर ती सोडा, नाहीतर गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरेल.

बहुतेकजण चुकतात ते पुढे. मूळ फ्यूज काढा, चावी चालू करा आणि खाचेतल्या दोन टोकांपैकी व्होल्ट कुठल्या टोकाला येतो ते पाहून ठेवा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो, तो या जिवंत टोकात बसला पाहिजे. उलटा बसला तरी मीटर चालतो, पण त्याचा करंटही मूळ फ्यूजमधून जाऊ लागतो. खात्री करायची असेल तर टॅपमध्ये फक्त नवा छोटा फ्यूज ठेवा आणि मूळ फ्यूजची जागा रिकामी सोडा. टॅपच्या वायरला तरीही १२ व्होल्ट मिळाले, तर दिशा बरोबर. नाही मिळाले तर टॅप काढून फिरवून बसवा. मग मूळ फ्यूज त्याच्याच अँपिअरचा परत लावा.

इथवर तपासून झालं की बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि जोडणीला लागा. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. इंजिनच्या बाजूने आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घ्या, पत्र्याच्या उघड्या भोकातून नको. मीटरच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या फ्यूजवर, अशाच दुसऱ्या टॅपने.

जोडाबद्दल गोव्यात जरा जास्तच बोलावं लागतं. आमच्या जुन्या गाडीत कोणीतरी वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. ऑगस्टमध्ये पायाखालचं मॅट उचललं तर टेप चिकट होऊन सुटलेली, आत तांबं हिरवं पडलेलं आणि बोट लावताच तारेचा भुगा झाला. पावसाचे चार महिने आणि खारी हवा यांपुढे पिळलेला जोड टिकत नाही. क्रिम्प करा, म्हणजे धातूची जोडनळी पक्कडीने वायरीवर दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून तापवा, आणि मिळाली तर कथील चढवलेली वायर घ्या.

अर्थिंगसाठी बॉडीचा बोल्ट खोलून त्याखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मीटरची अर्थची वायर खाली धरून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. टेंपरेचरचा सेन्सर रेडिएटरच्या रबरी होजमधल्या जोडतुकड्यात बसवला असेल, तर त्या तुकड्यालाही अर्थची वायर द्या. रबरामुळे तो बॉडीपासून तुटलेला असतो. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा, गरम कूलंट अंगावर उडतं.

बॅटरी परत जोडून इंजिन चालू करा. व्होल्टमीटर बसवला असेल तर तो साधारण १३.५ ते १४.५ दाखवेल. मग हेडलाइट आणि एसी लावा. त्यासरशी टेंपरेचरचा काटा एकदम उडी मारत असेल तर अर्थिंग कच्चं आहे, बोल्ट पुन्हा खोला. पंधरा मिनिटांनी टॅपला बोट लावून पाहा, तो गरम लागता कामा नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून जोड एकदा डोळ्यांखालून घाला.