‘ॲटलास’ शब्दाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

‘पृथ्वी खांद्यावर पेलणारा ॲटलास नावाचा देव होता, त्याच्यावरून नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास म्हणतात.’ प्रश्नमंजूषेत आणि भूगोलाच्या तासाला हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाक्य छोटं, पण त्यात एक सरळ चूक आहे आणि एक अर्धसत्य.

पृथ्वी नव्हे, आकाश

चूक आधी बघू. ग्रीक पुराणकथेत टायटन (म्हणजे आधीच्या पिढीतले देव) देवांचा राजा झ्यूस याच्याविरुद्धची लढाई हरतात आणि त्यांच्यापैकी ॲटलासला शिक्षा होते ती आकाश पेलून धरायची. पृथ्वीचा इथे संबंधच नाही. तो उभा आहे तोच पृथ्वीच्या पश्चिम टोकाला, मग तीच खांद्यावर कशी घेणार?

घोटाळा होतो तो चित्रांमुळे. खांद्यावर गोल काही दिसलं की आपण ते पृथ्वीगोल समजतो. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला ‘फार्नेसे ॲटलास’ हा रोमन काळातला संगमरवरी पुतळा नीट पाहा. गोळ्यावर खंड-महासागर नाहीत. वृषभ, मेष अशा राशी आणि इतर तारकासमूह कोरलेले आहेत. तेव्हा लेखासोबत चित्र टाकताना आधी गोळ्यावर काय काढलंय ते तपासा. खंड दिसले तर ते चित्र बरंच नंतरच्या कल्पनेतलं आहे, प्राचीन कथेचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

कोणता ॲटलास?

अर्धसत्य इथे आहे. नकाशांच्या पुस्तकाला हे नाव दिलं सोळाव्या शतकातल्या गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने, आणि प्रस्तावनेत त्याने ज्याचा गौरव केला तो शिक्षा भोगणारा टायटन नव्हे, तर मॉरेटेनियाचा राजा ॲटलास. तत्त्वज्ञान, गणित, खगोल जाणणारा, पहिला गोल बनवल्याचं श्रेय ज्याला दिलं जातं असा दंतकथेतला राजा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही ओझ्याखाली वाकलेला कुणी नाही. गोल हाताळत बसलेला विद्वान आहे.

पण म्हणून ‘टायटनचा काहीही संबंध नाही’ असंही ठोकून देऊ नका. ही चूक हल्ली पहिलीपेक्षा जास्त दिसते, कारण ती करणाऱ्याला आपण दुसऱ्याची चूक सुधारतोय असं वाटत असतं. डायोडोरस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने दोघांची सांगड कधीच घातली होती: ॲटलासने आकाशगोलाचं ज्ञान लोकांना दिलं, म्हणून तो आकाश पेलतो अशी कथा रूढ झाली. म्हणजे राजा हा टायटनचाच मानवी रूपातला अवतार. ‘मर्केटरच्या मनात राजा होता, आणि त्या राजाच्या दंतकथेमागे टायटन आहे’ असं लिहिलंत की कुठेच अडकत नाही.

इथेच आणखी एक खाच आहे. मॉरेटेनिया म्हणजे आजचा मॉरिटानिया देश नव्हे. प्राचीन मॉरेटेनिया त्याच्या उत्तरेला, आजच्या मोरोक्को आणि अल्जीरियाच्या भागात होता. ॲटलास पर्वतरांग तिथलीच.

सालांची सरमिसळ

तीन सालं हमखास एकमेकांत मिसळतात. 1569 हे मर्केटरच्या प्रसिद्ध प्रक्षेपणाच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीच्या) जगाच्या नकाशाचं. 1570 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला अब्राहम ऑर्टेलियस या नकाशाकाराचा नकाशासंग्रह निघाला. एकाच आकाराचे, एकाच पद्धतीने मांडलेले नकाशे असल्याने तो पहिला आधुनिक ॲटलास मानला जातो, पण त्याच्या नावात ‘ॲटलास’ नाही, ‘थिएट्रम’ म्हणजे रंगमंच आहे. आणि 1595 हे ‘ॲटलास’ नाव घेऊन आलेल्या पुस्तकाचं. म्हणून ‘पहिला ॲटलास कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर वस्तू विचारली तर ऑर्टेलियस, शब्द विचारला तर मर्केटर. प्रश्न काढणाऱ्याने दोन्हींपैकी काय हवंय ते स्पष्ट लिहावं.

‘1595 मध्ये मर्केटरने प्रकाशित केलं’ हेही चूक. तो डिसेंबर 1594 मध्ये वारला. पुस्तक काढलं त्याच्या मुलाने, रुमोल्डने.

नात्यातले आणि बिननात्यातले शब्द

अटलांटिक महासागर ॲटलासच्याच नावावरून. मानेच्या पहिल्या मणक्याचं ‘ॲटलास’ हे नावही त्याच्यावरूनच, कारण तो कवटीचा भार पेलतो. रेशमी कापडाला म्हणतात तो ‘अतलस’ मात्र अरबीतला, मूळ अर्थ गुळगुळीत. उच्चार जवळचा म्हणून त्याला या घरात आणू नका.

‘मॅप’ हा शब्दही वेगळ्या कुळातला आहे. लॅटिनमधल्या ‘मापा’चा अर्थ कापड, हातपुसणं, ‘मापा मुंडी’ म्हणजे जगाचा नकाशा, त्यातून ‘मॅप’ उरला. वापरताना इतकंच पाहा की सुटा नकाशा, मग तो भिंतभर मोठा असला तरी, मॅपच. ॲटलास म्हणायला नकाशांचा संच लागतो.