घरच्या कचऱ्याचे खत: सारे काही ओलाव्यावर

स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि बागेतील पालापाचोळा यांचे खत करण्यासाठी झाकणाचे एक मोठे पिंप पुरते. त्याच्या तळाला आणि बाजूंना भोके पाडून ते सावलीत विटांवर ठेवावे व तळाशी काटक्यांचा थर द्यावा. साली आणि देठे बारीक चिरून टाकावीत. मांस, मासे, तेलकट अन्न आणि रोगट झाडांचे अवशेष मात्र टाकू नयेत.

इथवर कोणालाही जमते. खरी कसोटी ओलाव्याची आहे, आणि मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते याच टप्प्यावर. भाज्यांच्या आणि फळांच्या सालींत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असते. त्या कुजू लागल्या की हे पाणी सुटते, कणांमधल्या पोकळ्या भरून टाकते आणि हवा कोंडते. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात, हवेविना वाढणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. बहुतेक लोक खत करणे सोडून देतात ते या दिवसांत.

यावर उपाय एकच: ओल्या कचऱ्याच्या दुप्पट ते तिप्पट, मापाने, कोरडा पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. भुसा फार बारीक असेल तर दडपून बसतो, म्हणून त्यात पाला मिसळावा. कोरडे साहित्य पाणी शोषते आणि कर्बही (कार्बन) पुरवते. मिश्रणात नत्राच्या (नायट्रोजनच्या) साधारण 25 ते 30 पट कर्ब असला की जिवाणूंचे काम जोमाने चालते. ओल्याचा एक जाड थर आणि सुक्याचा एक जाड थर असे रचत जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. त्यात ओला थर मधोमध चिखलासारखा घट्ट बसतो. दर वेळी दोन्ही नीट मिसळावे आणि वरून सुक्याचे पांघरूण घालावे, म्हणजे चिलटेही कमी होतात.

ओलावा योग्य आहे की नाही हे मुठीने ओळखावे. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंब बोटांशी यावा. धार लागली तर सुके घालून उलथावे, मूठ उघडताच सारे भुगा होऊन पडले तर थोडे पाणी शिंपडावे. वास आला म्हणून चुना टाकण्याचा मोह आवरावा, कारण चुन्याने नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि खताचा कसच कमी होतो. विकतच्या जिवाणूंच्या पावडरीनेही हवा आत शिरत नाही. लागणारे जिवाणू पाल्यावर आणि मातीत असतातच.

आठवड्यातून एकदा मिश्रण तळापासून वर उलथावे.

पिंप भरले की त्यात नवे काही न टाकता दोन-तीन महिने थांबावे. रंग गडद तपकिरी झाला, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येऊ लागला आणि सालींची ओळख पटेनाशी झाली, म्हणजे खत तयार आहे. अर्धवट कुजलेले खत मुळांशी घालण्याची घाई कृपया करू नये. कुजण्याची उरलेली क्रिया मातीतले नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. तयार खत चाळून, एक भाग खताला तीन भाग माती या प्रमाणात कुंडीत वापरावे आणि चाळणीवर उरलेले जाड तुकडे पुढच्या पिंपात टाकावेत.