ब्रिटिश शॉर्टहेअरचे पिल्लू घेताना

इंग्लंडमध्ये ब्रिटिश शॉर्टहेअर जातीच्या मांजराचे पिल्लू घ्यायचे असेल, तर ते जिथे जन्मले त्या घरी जाऊन, आईसोबतच पाहावे. एप्रिल 2020 पासून तिथे सहा महिन्यांखालील पिल्ले मध्यस्थामार्फत विकण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे वाटेत कुठेतरी भेटून पिल्लू देऊ पाहणाऱ्याला सरळ नकार द्यावा. 1910 साली स्थापन झालेल्या गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या संस्थेकडील नोंदणी आणि वंशावळ मागावी.

पर्शियन मांजरांशी झालेल्या संकरामुळे या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तो एकाच पालकाकडूनही उतरू शकतो; म्हणून आईवडील दोघांच्याही डीएनए चाचणीचे अहवाल स्वतः वाचावेत, तोंडी हमीवर विसंबू नये.

पिल्लू हातात घ्यावे. डोळ्यांना चिपडे, कानात काळी घाण नसावी. पाठीवरचे दाट केस बोटांनी उलटे फिरवले, की पिसवा असल्यास त्यांची मिरीच्या भुकटीसारखी विष्ठा मुळाशी दिसते. कितीही मोह झाला, तरी तेरा आठवडे आणि लसीकरण पूर्ण होण्याआधी त्याला घरी आणू नये, कारण आईजवळचे ते दिवस पुढे भरून निघत नाहीत. पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपची नोंद मात्र लगेच आपल्या नावावर करून घ्यावी.