ड्रेस वॉच घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पाटेक फिलिप ही स्विस घड्याळ कंपनी स्टर्न बंधूंनी 1932 साली विकत घेतली. ते मूळचे तबकड्या बनवणारे. त्याच वर्षी आलेलं 96 नंबरचं कॅलात्राव्हा हे घड्याळ पाहिलं की तबकडीवाल्यांची नजर लगेच जाणवते: गोल केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच), साधे टोकदार काटे, तासांच्या जागी बारीक खुणा, खाली सेकंदाची छोटी तबकडी, बस्स. व्यास जेमतेम 31 मिमी. आज ड्रेस वॉच, म्हणजे औपचारिक कपड्यांवर घालायचं साधं, पातळ घड्याळ, म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या कितीतरी घड्याळांची ठेवण या एका मॉडेलवरून घेतलेली आहे.

संग्राहकांना या घड्याळांचं वेड लागतं ते त्यांच्या साधेपणापायी. स्पोर्ट्स वॉचमध्ये फिरती बेझल (काचेभोवतीची कडी), जाड केस, अंधारात चमकणारे आकडे यांच्या गर्दीत एखादं ढिलं काम खपून जातं. इथे काट्याची कड नीट घासलेली नसेल, तर ते पहिल्या नजरेत कळतं. पण घेणारे बहुतेक जण स्पोर्ट्स वॉचकडून इकडे वळलेले असतात, आणि तेच निकष इथेही लावतात. पुढच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

व्यासाचा आकडा बघून ठरवणं

36 मिमी म्हणजे बायकांचं घड्याळ, असं म्हणून चांगली घड्याळं नाकारणारे लोक आहेत. मनगटावर घड्याळ कसं बसेल हे व्यासापेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: वरच्या लगच्या (पट्टा जोडायच्या केसच्या कानाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी, आणि जाडी. लग मनगटाबाहेर डोकावत असतील तर घड्याळ मोठं आहे, मग आकडा काहीही असो. चौकोनी घड्याळात तर रुंदीचा आकडा साफ फसवतो. 1917 साली आखलेलं कार्टिएचं टँक कागदावर इवलंसं वाटतं, पण कोपऱ्यांपर्यंत भरलेली केस मनगटावर चांगलीच दिसते.

जाडी मात्र जरूर बघा. शर्टाच्या बाहीखाली सहज सरकत नसेल, तर ते ड्रेस वॉच कसलं? पियाजेने 1957 साली हाताने चावी द्यायचं 9पी मशीन (घड्याळाची आतली यंत्रणा) आणलं, ते अवघं 2 मिमी जाडीचं होतं. तसं मशीन बनवणं अवघड, आणि दुरुस्त करणं त्याहून अवघड. अतिपातळ घड्याळ घेण्याआधी ते उघडू शकणारा कारागीर आपल्या आवाक्यात आहे का, एवढं विचारून ठेवा.

“30 मीटर” खरं मानणं

केसवर लिहिलेले 30 मीटर म्हणजे प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेली चाचणी. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की हात धुताना चार थेंब उडाले तर चालतील. पोहणं नाही, शॉवर नाही. चौकोनी केसला गोल घड्याळासारखं आट्यांचं झाकण बसवता येत नाही, म्हणून तिथे जास्त जपायचं. जुन्या घड्याळाचा पाण्याशी संबंधच नको.

काचेखाली वाफ दिसली तर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर अजिबात मारू नका. उष्णतेने ओल मशीनमध्ये आणखी पसरते. त्याच दिवशी कारागिराकडे न्या. गंज चढायला फार वेळ लागत नाही.

रात्री तारीख बदलणं

बऱ्याच मशीनमध्ये रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. त्या वेळात क्राउनने (चावी द्यायच्या बाजूच्या गोल बटणाने) तारीख पुढे ढकलली, की दाता तुटू शकतो. आधी काटे फिरवून तारीख कधी उडी मारते ते बघा. ती उडाली म्हणजे मध्यरात्र झाली. तिथून काटे सकाळच्या साडेसहापर्यंत न्या, मग आदल्या दिवसाची तारीख लावा आणि शेवटी काटे पुढे फिरवत आजच्या वेळेवर आणा.

पर्पेच्युअल कॅलेंडरवाल्यांनी, म्हणजे महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं घड्याळ असलेल्यांनी, तर दुप्पट काळजी घ्यावी. केसच्या कडेला असलेली बारीक बटणं सोबत दिलेल्या काडीनेच दाबायची. टाचणी घसरली की सोन्यावर कायमचा ओरखडा. अनेक मशीनमध्ये तारीख मागे नेताच येत नाही. घाईत पुढे गेलात तर एक तर तो दिवस उजाडेपर्यंत घड्याळ बंद ठेवायचं, नाही तर कंपनीकडे पाठवायचं.

पुढे पळतंय किंवा बंद पडतंय: दोष भलत्याच गोष्टीला देणं

काल ठीक चालणारं घड्याळ आज दिवसाला मिनिटभर पुढे जायला लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा घ्या. टॅब्लेटचं कव्हर, पर्सची चुंबकी कडी, स्पीकर, यांपैकी एखाद्याजवळ ते रात्रभर पडलेलं असतं. हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. चुंबकत्व काढायचं यंत्र कारागिराकडे असतं आणि काम क्षणात होतं. त्यासाठी कोणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागत असेल, तर आधी एवढंच करून बघायला सांगा.

“जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं” हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. चावी हाताला घट्ट लागली की थांबायचं, त्याने काही बिघडत नाही. पूर्ण चावी देऊनही घड्याळ चालत नसेल, तर बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असतं किंवा घाण साचलेली असते. फक्त चावी देताना घड्याळ मनगटावरून काढा. हातात असताना क्राउन तिरका ओढला जातो आणि त्याची दांडी हळूहळू वाकते. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी बसणारं घड्याळ, रात्रीतून थांबत असेल तर टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसाचा हात पुरेसा हलत नाही, एवढंच कारण असू शकतं. सकाळी वीसेक वेळा चावी द्या आणि मग बघा.

सेलवरच्या घड्याळात संपलेला सेल तसाच ठेवू नका. तो गळला की मशीन खातो.

पॉलिश आणि रंगवलेली तबकडी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 18 कॅरेट सोनं मऊ असतं, त्यावर बारीक रेघा पडणारच. त्या रेघा बघवत नाहीत म्हणून लोक प्रत्येक सर्व्हिसिंगला केस पॉलिश करून घेतात. दर पॉलिशला थोडं सोनं जातं. लगच्या धारदार कडा गोल होतात, मागच्या बाजूचे शिक्के पुसट होत जातात. गेलेली धार सहजासहजी परत येत नाही. सर्व्हिसिंगला देताना “पॉलिश करू नका” हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

मुलामा दिलेल्या घड्याळात तर पॉलिश म्हणजे सरळ नुकसान. कार्टिएने 1977 साली मस्ट नावाखाली आणलेली सोनेरी टँक अनेकांना सोन्याची वाटतात. ती चांदीची आहेत, वर सोन्याचा मुलामा. मागे 925 चा शिक्का असतो. वापरून वापरून कोपऱ्यांवर मुलामा उडतो आणि खालची पांढरी चांदी दिसायला लागते. घेताना भिंग लावून आधी कोपरे बघा.

जुनी तबकडी नव्याने रंगवलेली असेल तर ती ओळखायलाही भिंगच लागतं. नावाच्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघांमधलं अंतर कमीजास्त, छोट्या सेकंदाच्या वर्तुळात घुसलेला आकडा, आणि सहाच्या खाली असायला हवा तो “स्विस” हा शब्द गायब किंवा अर्धा कापलेला. साठ-सत्तर वर्षांच्या घड्याळावर कोरी करकरीत तबकडी दिसली, की मला आनंदापेक्षा शंका जास्त येते. पिवळसर झालेली पण मूळची तबकडी संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात.

गुंतवणूक म्हणून घेणं

ऑडेमार पिगेचं रॉयल ओक, पाटेक फिलिपचं नॉटिलस या स्पोर्ट्स वॉचच्या किमती कशा चढल्या हे ऐकून लोक त्याच कंपन्यांची ड्रेस वॉच घेतात. हिशेब तिथे चुकतो. सोन्याचं साधं ड्रेस वॉच दुकानातून बाहेर पडलं की बहुतेकदा मूळ किमतीच्या खालीच विकलं जातं. केसमधल्या सोन्याची किंमतही एकूण आकड्याचा छोटा भाग असते. उलट बाजूने बघितलं तर घेणाऱ्याची यात चांदीच आहे: वापरलेलं, कागदपत्रांसह, सर्व्हिसिंगच्या पावत्यांसह घ्या.

कागदपत्रांवरही डोळे झाकून विसंबू नका. पाटेक फिलिप आपल्या दप्तरातून उतारा देते. त्यात मशीनचा नंबर, केसचा नंबर, बनवल्याची आणि विकल्याची तारीख असते. आज समोर असलेली तबकडी आणि काटे तेच आहेत का, हे तो उतारा सांगत नाही, कारण तो देताना घड्याळ कोणी उघडून बघितलेलं नसतं.