दोन दिवसांत किनाऱ्यावरचं शहर पायी कसं फिरावं?

पायी फिरता येईल असं समुद्रकाठचं शहर निवडलंत, तिकिटं काढलीत, हाताशी दोन दिवस आहेत. आता ‘बघायलाच हवीत अशी पंधरा ठिकाणं’ वहीत उतरवायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा.

१. आधी समुद्राची वेळ

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. मी एकदा हे न बघता भर दुपारी पुळणीवर चालायला गेलो. पुळण नव्हतीच. बंधाऱ्याच्या खालच्या चार पायऱ्या पाण्यात, पाचवीवर शेवाळ आणि सहावीवर मी, बूट हातात धरून.

तेव्हा किनाऱ्यावरचा फेरफटका ओहोटी लागल्यावर सुरू करा. पाणी नुकतंच सरलेली ओली वाळू घट्ट असते. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. खडकांना वळसा घालून पलीकडे जायचं असेल, तर भरती सुरू व्हायच्या आत परत या. भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी पाणी फारसं चढत-उतरत नाही, तिथे ही पायरी सोडून दिलीत तरी चालेल.

२. मग पायांचा हिशोब

सपाटीवर आपण ताशी पाचेक किलोमीटर चालतो. थांबत, वळून बघत, गल्ली चुकत चाललं की वेग निम्म्यावर येतो. दिवसाला आठ-दहा किलोमीटर पुरे. साध्या नकाशात चढ दिसत नाही आणि बंदरांची बरीच शहरं टेकडीच्या उतारावर वसलेली असतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरासाठी मांडलेला हिशोब इथेही कामी येतो: दर १० मीटर चढाला एक मिनिट जास्त धरा. चढाची ठिकाणं सकाळी उरका. वाट चुकलीच तर उतार धरा, बहुतेक वेळा पाण्यापाशीच पोचाल.

३. वारा आणि ऊन

शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो, दुपारी त्याला जोर असतो. रात्री तो उलटा वाहतो. किनाऱ्यालगत लांब चालायचं असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी असेल. फसवणूक एकच: गार वाऱ्यात ऊन लागतंय हे कळत नाही. रात्री मान भाजलेली निघते.

किनारा पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळ तिथली, पूर्वेकडे असेल तर पहाट. सूर्य किती वेळात बुडेल हे बोटांवर मोजता येतं: हात लांब करून बोटं आडवी धरा, क्षितिज ते सूर्य यांत मावणाऱ्या प्रत्येक बोटाला अंदाजे १५ मिनिटं. (ध्रुवांजवळच्या शहरांत हे गणित फसतं. आणि सूर्याकडे टक लावू नका.)

४. आता ठिकाणं

दोन दिवसांचे चार अर्धे भाग करा. एका भागात एकच वस्ती, आणि पाऊस आलाच तर शिरायला जवळपास एक छप्पर. अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आधी बघून ठेवा. शहरात मोठी प्रवासी जहाजं लागत असतील तर बंदराचं वेळापत्रकही चाळा; ती बहुधा सकाळी लागतात आणि संध्याकाळी निघतात. त्या दिवशी जुना भाग संध्याकाळनंतरच बघा.

५. मुक्काम आणि सामान

खोली समुद्रासमोरच हवी हा हट्ट मला पटत नाही. खोलीत असतो किती वेळ आपण? स्टेशन आणि जुनी वस्ती यांच्या मधोमध राहा. शेवटच्या दिवशी सामान ठेवून घेतील का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. दगडी फरशांच्या रस्त्यांवर चाकांची बॅग अख्खी गल्ली जागी करते, पाठीवरची बरी. बूट वापरून मऊ झालेले घ्या, नवे नकोत. मोजे मात्र दोन जोड जास्तीचे, कारण बोटांच्या बेचक्यात अडकलेली वाळू दुपारपर्यंत फोड आणते.