नीलगिरीची ग्लूलॅम तुळई उकलते कुठे? नमुना बनवताना या चुका टाळा

फळ्या एकावर एक चिकटवून केलेली तुळई, म्हणजे ग्लूलॅम, बघायला सोपी वाटते. म्हणून पहिला नमुना घाईत होतो आणि भार-चाचणीत झकास टिकतोही. पावसाळा सरला की मात्र सांध्यात फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती आरामात सरकते. खापर ग्लूवर फुटतं, पण बहुतेक वेळा गडबड ग्लू लावायच्या आधीच झालेली असते.

पहिली चूक ओलाव्याची. फळ्या 8 ते 15 टक्क्यांत असाव्यात आणि शेजारच्या दोन फळ्यांत 5 टक्क्यांहून जास्त फरक नसावा. नीलगिरीसारख्या जड लाकडात 2 टक्क्यांच्या आत राहिलात तर उत्तम. सुया टोचायच्या ओलावा-मीटरवर लाकडाच्या जातीनुसार दुरुस्ती केली नसेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक लॉटमधून, फळीच्या टोकापासून अर्धा मीटर आत एक काप काढा, वजन करा आणि 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. हिशेबात इथेच फसगत होते. 62.5 ग्रॅमचा काप वाळून 55 ग्रॅम झाला, तर घट 7.5 ग्रॅम. ती ओल्या वजनाने भागली की 12 टक्के येतात, पण भागायचं कोरड्या वजनाने, म्हणजे 13.6. वखारीचा आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

किती वाळवायचं हे तुळई कुठे बसणार त्यावर ठरवा. कोकणात हवा 85-90 टक्के दमट राहिली की उघड्यावरचं लाकूड 18-20 टक्क्यांकडे जातं. विदर्भातल्या मे महिन्यात तेच 5 कडे ओढलं जातं. ओलाव्यात एक टक्का फरक पडला की रुंदीत साधारण पाव टक्का फरक, असं धरून चाला. म्हणजे 150 मिमीची फळी 10 टक्क्यांच्या फरकाने पावणेचार मिमी हलते.

नीलगिरीत वाढीचा ताण असतो, म्हणजे झाड वाढतानाच लाकडात साठलेला ताण. करवतीखालीच फळी वाकते. वाकलेली फळी प्रेसमध्ये दाबून सरळ करू नका. तो ताण आयुष्यभर सांध्यावर राहतो. फळ्या 20-25 मिमी पातळ ठेवा, सावकाश वाळवा आणि वाकड्या फळ्या थेट वगळा.

रंधा मारल्यावर 24 तासांत, आणि कठीण लाकूड शक्यतो 6 तासांत चिकटवा. पाती बोथट असेल तर वरचे तंतू चिरडले जातात, पृष्ठभाग मात्र गुळगुळीत दिसतो. रंधलेल्या फळीवर पाण्याचा थेंब टाका: पसरून मुरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा रंधा.

ग्लूच्या डब्यावरचा ओपन टाइम, म्हणजे ग्लू लावल्यापासून फळ्या जोडेपर्यंत मिळणारा वेळ, सहसा 20 अंशांसाठी दिलेला असतो. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये 38 अंश असताना तो बराच आखडतो, म्हणून ग्लू रात्री किंवा पहाटे लावा. एकघटकी पॉलियुरेथेन ग्लू (दुसरं काही न मिसळता लावायचा) वापरत असाल तर जड लाकडाला त्याच कंपनीचा प्रायमर (ग्लूच्या आधी लावायचा द्रव) लागतो का, हे आधी तपासा. प्रायमर नसताना कोरडी शिअर चाचणी (सांधा सरकवून तोडायची) पास होते आणि भिजवल्यावर सांधा सुटतो. हाच ग्लू फेसाळून फट भरतो, पण त्या फेसात ताकद नसते. म्हणून फळीच्या जाडीतला फरक एका मीटर लांबीत 0.2 मिमीच्या आत ठेवा.

दाबाचा हिशेब तर क्वचितच कोणी करतं. 3 मीटर लांब, 150 मिमी रुंद तुळईवर 1 न्यूटन प्रति चौरस मिमी दाब हवा, तर 4,50,000 न्यूटन म्हणजे सुमारे 46 टन. वीस क्लॅम्प लावले तरी प्रत्येकी 2.3 टन, हाताने आवळून ते जमत नाही. हायड्रॉलिक प्रेस नसेल तर नमुन्याच्या निकालावरून उत्पादनाचा अंदाज बांधू नका.

मग खरी परीक्षा. तुळईचे 75 मिमी लांबीचे काप पाण्यात बुडवून 30 मिनिटं निर्वात (70 ते 85 किलोपास्कल), मग 2 तास 500-600 किलोपास्कल दाब, मग 65-75 अंशांच्या गरम, कोरड्या, वाहत्या हवेत मूळ वजनाच्या 100 ते 110 टक्के होईपर्यंत वाळवण. ही ग्लूलॅमच्या ईएन 14080 या युरोपीय मानकातली एक पद्धत आहे. त्यात पहिल्या फेरीअखेर उकललेली लांबी एकूण सांध्यांच्या 4 टक्क्यांपर्यंत चालते. लाकूड फाटलं असेल ते यात धरायचं नाही.

उकललेला सांधा भिंगाखाली पाहा. तंतू अजिबात नाहीत, चकचकीत पापुद्रा: दाब कमी होता किंवा ग्लू आधीच सुकला होता. ग्लू एकाच फळीवर, समोरची कोरीच: ओपन टाइम उलटला. ग्लूच्या पापुद्र्यावर तंतूंचा भुगा: रंध्याची पाती. फक्त टोकांना उकल: फळीची टोकं जास्त वाळली होती, किंवा प्रेस टोकापर्यंत पोचला नव्हता.

ताकद सांगताना सरासरी देऊ नका. सरासरी 60 आणि प्रमाण विचलन 12 असेल तर डिझाइनला लागणारा पाचव्या शतमानाचा आकडा (ज्याच्या खाली फक्त 5 टक्के नमुने जातात) 40 च्या आसपास येतो, तोही नमुने पुरेसे असतील तर. लहान, गाठ नसलेल्या तुकड्यांवरून तो काढता येत नाही. गाठी आणि फिंगर जॉइंट (फळ्यांची टोकं बोटांसारखी गुंतवून केलेले जोड) असलेली पूर्ण आकाराची तुळई वाकवूनच पाहावी लागते.

शेवटी जोडणी. 600 मिमी उंच तुळईच्या टोकाला वर-खाली बोल्ट मारून एकच पोलादी पट्टी घट्ट बसवली आणि तुळई आणखी 5 टक्के वाळली, तर लाकडाला साडेसात मिमी आक्रसायचं असतं. पट्टी सोडत नाही, मग लाकूड मधोमध फाटतं, आणि चीर नेमकी सांध्याजवळ दिसल्याने पुन्हा ग्लूचं नाव निघतं. वरच्या बोल्टांची भोकं तुळईच्या उंचीच्या दिशेने लांबट ठेवा.